फळ बदललं, नाव राहिलं

काष्ठौषधीच्या दुकानात बेहीदाणा मागितला की दुकानदार काळपट तपकिरी, चपट्या बियांची लहानशी पुडी बांधून देतो. त्यातल्या पाच-सहा बिया दोन चमचे पाण्यात रात्रभर टाकून ठेवाव्यात. सकाळी ते पाणी पाण्यासारखं राहिलेलं नसतं. चमचा उचलला तर अंड्याच्या पांढऱ्यासारखी सळसळीत तार मागोमाग येते. कोरड्या खोकल्यावर जुनी माणसं हा बुळबुळीत द्राव देत असत. ज्या फळाची ही बी, ते फळ मात्र महाराष्ट्राच्या बाजारात दिसत नाही. फारसीत त्याला 'बेह' म्हणतात, म्हणून बी झाली बेहीदाणा. काश्मीरमध्ये ते पिकतं आणि तिथे त्याचं नाव बमचूंठ. त्यातला चूंठ म्हणजे सफरचंद. इंग्रजीत हेच फळ क्विन्स.

दिसायला सफरचंद आणि नासपती यांच्या मधलं, पिवळं, अंगावर करड्या कापसासारखी लव. वास असा की एक फळ खोलीत ठेवलं तरी खोली भरून जाते. आणि कच्चं चावायला गेलं तर दात आंबतात, जीभ तुरटपणाने आखडते. सुरी चालवायलाही जोर लागतो. या फळाचं शिजवल्याशिवाय काही होत नाही, आणि शिजवलं तर इतकं काही होतं की त्याच्या नावावरून बनलेला एक शब्द आज लिस्बनपासून मॉस्कोपर्यंत निदान सहा वेगवेगळ्या पदार्थांना लावला जातो. तो शब्द म्हणजे मार्मलेड.

आपण तो इंग्रजीतून घेतला, त्यामुळे आपल्याला मार्मलेड म्हटलं की संत्र्याच्या सालींचे कडसर काप असलेली बरणी आठवते. पोर्तुगीज माणसाला 'मार्मेलादा' म्हटलं की सुरीने कापायची, विटकरी रंगाची घट्ट वडी आठवते आणि तिच्यात संत्र्याचा कणही नसतो. स्पॅनिश 'मेर्मेलादा' म्हणजे कुठलाही जॅम. जर्मन माणूस पावावर लावायच्या स्ट्रॉबेरीच्या जॅमलाही सहज 'मार्मेलाडं' म्हणतो. फ्रेंच स्वयंपाकात 'मार्मलाद' म्हणजे फळ शिजून शिजून ज्याचा आकार उरला नाही असा लगदा. मारामारीत कुणाचं नाक फुटलं तर ते 'मार्मलाद झालं' असंही फ्रेंच माणूस म्हणतो. पोलिश 'मार्मोलादा' चाळणीतून काढलेला घट्ट गर, तळलेल्या गोल पोंच्कीच्या पोटात भरायचा. आणि रशियात दुकानातून 'मार्मेलाद' आणला तर हातात साखरेत घोळवलेल्या, चावून खायच्या जेलीच्या गोळ्या पडतात. त्या पावाला लावायला गेलात तर पाव फाटेल.

एका शब्दाचे इतके अर्थ का झाले, याचं उत्तर शब्दकोशात अर्धंच सापडतं. उरलेलं अर्धं पातेल्यात आहे.

शब्दाची सुरुवात ग्रीकमध्ये. 'मेली' म्हणजे मध, 'मेलॉन' म्हणजे सफरचंद. दोन्ही मिळून 'मेलिमेलॉन', मधासारखं गोड सफरचंद. क्विन्सच्या खोडावर सफरचंदाचं कलम बांधून आलेल्या गोड फळाला हे नाव होतं, असं जुने ग्रीक-रोमन लेखक सांगतात. ग्रीक मेलॉन हा शब्द सफरचंदापुरता बांधलेला नव्हता. झाडावरच्या बऱ्याच गोल, गरदार फळांना तो चाले, जसा बमचूंठमधला चूंठ. क्विन्सचं स्वतंत्र नाव होतं 'किदोनिऑन मेलॉन'. क्रीट बेटावरच्या किदोनिया या गावाशी ते नाव जोडलं जातं. ते गाव म्हणजे आजचं हानिया. या दुसऱ्या नावाचा प्रवासही मोठा. त्यातून इटालियनमध्ये 'कोतोन्या', फ्रेंचमध्ये 'क्वँ', जर्मनमध्ये 'क्विट्ट' झालं. इंग्रजीत जुन्या 'कॉयन' या शब्दाचं अनेकवचन 'कॉयन्स' लोकांनी एकवचन समजून वापरलं आणि 'क्विन्स' झालं. म्हणजे युरोपातल्या बहुतेक भाषांनी या फळाला गावाचं नाव दिलं. फक्त इबेरियाच्या, म्हणजे स्पेन-पोर्तुगालच्या द्वीपकल्पाच्या, पश्चिमेकडच्या लोकांनी मधाचं नाव धरून ठेवलं. लॅटिन 'मेलिमेलुम'पासून पोर्तुगीजमध्ये 'मार्मेलु' आणि स्पॅनिशमध्ये 'मेम्ब्रीयो' आलं.

इथे क्षणभर थांबावंसं वाटतं, कारण या दोन्ही रूपांत जे घडलं ते मराठी माणसाला परकं वाटू नये. मेलिमेलुममध्ये दोन 'ल' जवळजवळ आहेत. एकच ध्वनी लागोपाठ दोनदा उच्चारताना जीभ कंटाळते आणि एकाला बदलून टाकते. पोर्तुगीजांच्या जिभेने पहिल्या लचा र केला: मार्मेलु. आपल्याकडे संस्कृत 'लांगल'चा 'नांगर' झाला तो याच सवयीने. तिथे तर दोन लपैकी एकही जागेवर राहिला नाही. 'ललाट'चं 'निडळ' झालं तेही तसंच. स्पॅनिश मेम्ब्रीयोमधला ब कुठून आला? म उच्चारताना ओठ मिटलेले असतात, लगेच र म्हणायला ओठ उघडावे लागतात, आणि उघडताना मधेच ब निसटतो. 'आम्र'चा 'आंबा' आणि 'ताम्र'चं 'तांबं' झालं ते अगदी याच रस्त्याने. हजारो मैल दूर, एकमेकांची भाषा न ऐकलेल्या दोन समाजांनी म आणि र यांच्या सांध्यात तोच ब बसवला. मला भाषेचा अभ्यास याहून जास्त आनंद क्वचित देतो.

मार्मेलुपासून केलेलं ते 'मार्मेलादा'. शेवटचं 'आदा' हे आपल्या 'केलेलं, बनवलेलं' यासारखं. लोकांमध्ये एक गोष्ट फार पसरलेली आहे: स्कॉटलंडची राणी मेरी आजारी पडली, तिच्या आचाऱ्याने संत्र्याचा पाक केला आणि 'मारी ए मालाद', मेरी आजारी आहे, यावरून मार्मलेड नाव पडलं. गोष्ट ऐकायला गोड आहे आणि साफ चुकीची आहे. मेरीचा जन्म १५४२चा. १५२४मध्येच इंग्लंडच्या आठव्या हेन्रीला एक्झेटरच्या हल नावाच्या गृहस्थाकडून मार्मलेडची एक पेटी भेट मिळाल्याची नोंद आहे. राणीच्या जन्माआधी अठरा वर्षं पदार्थही होता आणि शब्दही.

त्या नोंदीतला 'पेटी' हा शब्द महत्त्वाचा. बरणी नव्हे, पेटी. म्हणजे ते मार्मलेड ओघळणारं नव्हतं. लाकडी पेटीत वडीसारखं बसवलेलं, कापून खायचं होतं. पोर्तुगाल आणि स्पेनहून जहाजाने येणारी ती क्विन्सची मार्मेलादाच होती. श्रीमंतांच्या घरी जेवणाच्या शेवटी पचनासाठी तिचे तुकडे दिले जात.

ती कशी करतात ते नीट पाहिलं पाहिजे, कारण पुढची सगळी शब्दकथा या कृतीत दडलेली आहे. किलोभर क्विन्स घ्यायचे, जाड फडक्याने घासून लव पुसून काढायची. लव राहिली तर गराला धुरकट चव येते. फळं चार फोडी करून, बुडतील एवढ्या पाण्यात शिजवायची. कच्च्या फळाची मधली गाठ काढताना सुरी निसटून हात कापतो, म्हणून बरेच जण आधी अख्खी शिजवतात आणि मग कापतात. पाऊण ते एक तासात सुई सहज आरपार जायला हवी. मग पाणी पूर्ण निथळू द्यायचं. घाई केली आणि गरात पाणी राहिलं तर ते आटवायला पुढे वेळ लागतो, तेवढ्या वेळात साखर काळवंडते आणि वडी चिकट होते. निथळलेल्या फोडी चाळणीतून दाबून काढायच्या. क्विन्सच्या गाठीभोवती नासपतीसारखे खरखरीत कण असतात, ते चाळणीत अडकले पाहिजेत. गर तोलायचा, साधारण सात-आठशे ग्रॅम भरतो. जेवढा गर तेवढीच किंवा किंचित कमी साखर.

पुढचं काम हाताचं. मंद आचेवर, लांब दांड्याच्या लाकडी चमच्याने, तळ खरवडत सतत ढवळायचं. दांडा लांबच हवा. घट्ट होत आलेला गर फुटून उडतो आणि मनगटावर पडला की फोड येतो. पोर्तुगीज बायका पाकाची जी अवस्था ओळखतात तिचं नाव 'पोंतु द इश्त्रादा', रस्त्याचा बिंदू. चमचा पातेल्याच्या तळातून ओढला की मागे रस्ता उघडा पडतो, तळ दिसतो, आणि दोन्ही काठ लगेच मिटत नाहीत. आपल्याकडे एकतारी-दोनतारी बोटांत बघतात, त्यांच्याकडे रस्ता तळात बघतात. रस्ता दिसला की मातीच्या किंवा चिनीमातीच्या वाडग्यात ओतायचं, जाळी घालून काही दिवस उन्हा-वाऱ्यात ठेवायचं. वर साखरेची पातळ कडक साय धरते. मग आग्वार्देन्त या दारूत भिजवलेला कागद पृष्ठभागावर चिकटवून ठेवतात, म्हणजे बुरशी येत नाही. वर्षभर टिकते. चीजच्या कापावर मार्मेलादाचा काप ठेवून खायची रीत पोर्तुगालमध्येही आहे आणि स्पेनमध्येही.

रंगाची गंमत वेगळी सांगायला हवी. क्विन्सचा गर आतून पांढरट पिवळा असतो, आणि शिजवताना कुठलाही रंग न घालता तो गुलाबी, मग विटकरी, मग माणकासारखा लाल होत जातो. ज्या द्रव्यांमुळे कच्चं फळ तुरट लागतं तीच द्रव्यं आंबटपणात दीर्घकाळ उष्णता लागली की मोडतात आणि लाल रंगद्रव्यात बदलतात. तुरटपणा गेला तो रंगात गेला, असंच म्हणायचं. म्हणून रंग वेळ सांगतो. लिस्बनजवळच्या ओदिव्हेलाश इथल्या मठातल्या जोगिणींची पांढरी मार्मेलादा प्रसिद्ध आहे. ती फिकट राहते कारण गराला आगीवर फार वेळ मिळत नाही.

पण वडी घट्ट का होते? साखरेमुळे, असं पटकन वाटतं. नुसती साखर आटवली तर चिक्कीचा पाक होतो, थरथरणारी वडी होत नाही. ती करतं पेक्टिन. फळांच्या पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारं हे द्रव्य म्हणजे लांबच लांब साखळ्या. पाण्यात त्या साखळ्या एकमेकींपासून दूर राहतात. भरपूर साखर घातली, म्हणजे तयार पदार्थात निदान पंचावन्न टक्के, की साखर पाणी स्वतःकडे ओढून घेते. आंबटपणा पुरेसा असला की साखळ्यांवरचा विद्युतभार कमी होतो आणि त्या एकमेकींना टाळणं सोडतात. मग त्यांची जाळी बनते, आणि जाळीत उरलेलं पाणी अडकतं. पेक्टिन, साखर, आंबट: या तिन्हींचा मेळ बसला तरच वडी. क्विन्समध्ये पेक्टिन इतकं असतं की बाहेरून काही घालावं लागत नाही. सालींचं आणि गाठींचं उकळलेलं पाणीसुद्धा पोर्तुगीज घरात फेकत नाहीत, त्याची वेगळी जेली होते.

आता इंग्लंडकडे. सतराव्या शतकात तिथल्या हस्तलिखित पाककृतींत मार्मलेडच्या पुढे क्विन्सखेरीज इतर फळांची नावं दिसू लागतात आणि १६७७च्या सुमारास एलायझा चमली हिच्या वहीत संत्र्यांच्या 'मार्मलेट'ची कृती येते. संत्री म्हणजे स्पेनमधल्या सेव्हीलची आंबट-कडू संत्री. लोक विचारतात, क्विन्सचं नाव संत्र्याला कसं लागलं? हे सगळं जरा पातेल्यातून पाहिलं की प्रश्न सुटतो. कडू संत्र्याच्या बिया आणि सालीखालचा पांढरा भाग पेक्टिनने गच्च भरलेला असतो, आणि रस चांगला आंबट. म्हणजे क्विन्ससारखंच हेही फळ आपल्या बळावर घट्ट होतं. आचाऱ्याच्या लेखी मार्मलेड हे फळाचं नाव राहिलं नव्हतं, एका वागणुकीचं नाव झालं होतं: साखरेत शिजव, आणि ते थिजेल. जे फळ असं वागलं त्याला ते नाव मिळालं.

आपल्याकडे याची ओळख आहे. 'मोरंबा' म्हटलं की कानाला त्यात आंबा ऐकू येतो. मूळ शब्द अरबी 'मुरब्बा', त्यात आंबा नाही. पण मराठीने तो आंब्याच्या इतका जवळ आणला की साखरांबा-गुळांब्याच्या रांगेत तो सख्खा भाऊ वाटतो. आणि तरी आपण 'आवळ्याचा मोरंबा' असं सहज म्हणतो, कुणाला खटकत नाही. 'संत्र्याचं मार्मलेड' म्हणजे मूळ अर्थाने संत्र्याचं क्विन्सवालं. तेही कुणाला खटकलं नाही.

आणि ज्या फळाने क्विन्सला हटवलं त्याचं नाव आपल्याकडून गेलेलं. संस्कृत 'नारंग', फारसीत 'नारंग', अरबीत 'नारंज', स्पॅनिशमध्ये 'नारान्हा', पोर्तुगीजमध्ये 'लारांजा', इटालियनमध्ये 'आरांचा', मग 'ऑरेंज'. अरबांनी स्पेनमध्ये आणलं ते कडू संत्रं. गोड संत्रं नंतर आलं आणि पोर्तुगीज व्यापाऱ्यांमुळे पसरलं, म्हणून ग्रीकमध्ये गोड संत्रं 'पोर्तोकाली', पोर्तुगालचं. आणि कडू संत्रं अजूनही 'नेरांत्झी', आपलं नारिंग. डच लोकांनी गोड संत्र्याला 'सिनासाप्पल' म्हटलं, चीनचं सफरचंद. पुन्हा सफरचंद.

पेटीतली वडी बरणीत कशी आली, हा बदल अठराव्या शतकात स्कॉटलंडमध्ये झाला. तिथल्या कृतींत पाणी वाढलं, आटवणं कमी झालं, आणि जेवणाच्या शेवटी कापून खायचा पदार्थ सकाळच्या टोस्टवर पसरायचा झाला. डंडी शहरातल्या कीलर घराण्याची कंपनी १७९७ची. वादळात अडकलेल्या स्पॅनिश जहाजातली संत्री स्वस्तात मिळाली आणि मार्मलेडचा शोध लागला, अशी कथा तिच्याभोवती सांगतात. शोध वगैरे नव्हता, पाककृती शंभर वर्षं जुनी होती. पण बरणीभर मार्मलेड गावोगाव पोचवण्यात या कारखान्यांचा वाटा खराच मोठा.

इंग्लिश कृती क्विन्सच्या कृतीपेक्षा नाजूक. एक किलो सेव्हील संत्री, अडीच लिटर पाणी, दोन किलो साखर, एका-दोन लिंबांचा रस. जानेवारी-फेब्रुवारीतच ही संत्री मिळतात. रस काढायचा, साली बारीक कापायच्या, आणि बिया व आतला सगळा चोथा मलमलच्या पुरचुंडीत बांधून त्याच पाण्यात रात्रभर भिजत घालायचा. दुसऱ्या दिवशी मंद आचेवर दोन तास. सालीचा तुकडा दोन बोटांत दाबला की विरघळल्यासारखा चिरडला पाहिजे. इथे चूक झाली तर ती पुढे दुरुस्त होत नाही: साल मऊ होण्याआधी साखर पडली की साखर सालीतलं पाणी ओढून घेते, आणि मग कितीही उकळलं तरी साल चामड्यासारखी राहते. मग पुरचुंडी ताटलीत घेऊन पिळायची. आधी पाणी येतं, नंतर येतो दाट, ढगाळ, बोटांवरून घसरणारा चीक. हेच ते पेक्टिन. बेहीदाण्याच्या तारेची आठवण यावी असंच दिसतं, जरी बियांचा तो बुळबुळीतपणा वेगळ्या जातीचा. कंटाळून पुरचुंडी नुसती बाजूला काढली तर बरणीत पाक राहतो, मार्मलेड होत नाही.

साखर घालून, ती पूर्ण विरघळल्यावर आच मोठी करायची. पुस्तकांत १०४ ते १०५ अंश सेल्सियसचा आकडा असतो. तो समुद्रसपाटीचा आहे. पुण्यात पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं, तेव्हा पुण्यातल्या माणसाने १०५ची वाट बघितली तर मार्मलेड जास्त आटून गोंदासारखं होईल. थर्मामीटर आधी उकळत्या पाण्यात घालून आकडा बघावा आणि त्यात साडेचार मिळवावेत. किंवा थर्मामीटर न वापरता बशी फ्रीझरमध्ये ठेवावी, थेंब टाकावा, मिनिटभराने बोटाने ढकलावा. वर सुरकुती पडली तर झालं. उतरवल्यावर दहा-पंधरा मिनिटं तसंच ठेवायचं, मग ढवळून भरायचं. गरम गरम भरलं तर सगळ्या साली वर तरंगून येतात. दोन किलो साखरेचं साधारण सव्वातीन किलो मार्मलेड होतं, म्हणजे साखर साठ टक्के. ती याहून फार कमी केली तर टिकत नाही, आरोग्याच्या विचाराने केली तरी.

नागपुरी संत्र्याचं हेच करायला गेलं तर बहुतेकदा फसतं. साल पातळ, पांढरा थर नावापुरता. किलोमागे तीन-चार कागदी लिंबं सालीसकट घालावीत आणि सगळ्या बिया पुरचुंडीत टाकाव्यात, मग धरतं. आपल्याकडे क्विन्सच्या स्वभावाचं फळ शोधायचं तर मी कवठ म्हणेन. वास भरपूर, आंबट-तुरट गर, आणि महाशिवरात्रीच्या सुमारास त्याची जेली किंवा वडी किती सहज थिजते हे घरोघरी माहीत आहे.

युरोपात या शब्दावर कायदाही झाला. १९७३मध्ये ब्रिटन युरोपीय समुदायात आला आणि १९७९च्या जॅमविषयक निर्देशाने ठरवलं की मार्मलेड म्हणजे फक्त लिंबूवर्गीय फळांचं. २००१च्या निर्देशात आकडेही पक्के आहेत: किलोभर मार्मलेडमध्ये किमान २०० ग्रॅम लिंबूवर्गीय फळ, त्यातलं ७५ ग्रॅम आतल्या गराचं. म्हणजे इंग्लंडच्या नाश्त्याच्या टेबलावरचा अर्थ सगळ्या खंडाचा झाला. जर्मनीत १९८२पासून लेबलवर 'कॉन्फिट्यूर' लिहावं लागलं. घरात लोक मार्मेलाडंच म्हणत राहिले. इटलीतही तेच, लेबलवर 'कोन्फेत्तूरा', तोंडात 'मार्मेल्लाता'. ऑस्ट्रियात २००३मध्ये यावरून एवढा गदारोळ झाला की २००४मध्ये शेतकरी बाजारात आणि आठवडी बाजारात जर्दाळूच्या बरणीवर जुना शब्द लिहायची मुभा द्यावी लागली. पोर्तुगीजांनी सर्वांत सुंदर मार्ग काढला. त्यांची मार्मेलादा क्विन्सची, ती दुसऱ्या फळाला द्यायची नव्हती. म्हणून इंग्लिश मार्मलेडसाठी त्यांनी कायद्यात वेगळा शब्द वापरला, 'सित्रिनादा'. शब्दाची जन्मभूमी स्वतःचा शब्द असा सांभाळते, हे मला फार योग्य वाटतं.

याच कायद्यात गाजर आणि रताळं यांना जॅमपुरतं फळ मानलेलं आहे, कारण त्यांचेही असे पदार्थ पिढ्यान् पिढ्या होतात. म्हणजे कायद्याला पातेल्याची समज नव्हती असं नाही. लोकांच्या जिभेची कमी पडली. ब्रिटन २०२०मध्ये युरोपीय संघातून बाहेर पडलं आणि २०२४मध्ये निर्देश बदलला. सदस्य देशांना आता साध्या जॅमलाही मार्मलेड म्हणू देता येईल, लिंबूवर्गीयांना मग 'सिट्रस मार्मलेड' म्हणायचं. त्याच बदलात जॅममधलं किमान फळ किलोमागे ३५० ग्रॅमवरून ४५० ग्रॅम झालं. हे नियम लागू व्हायची तारीख १४ जून २०२६. शब्दाइतकाच हा दुसरा बदलही चांगला. बरणीत साखरेऐवजी फळ वाढलं पाहिजे.

पोर्तुगीजांबरोबर शब्द समुद्रापारही गेला. ब्राझीलमध्ये आधीच ठरवून ठेवलेल्या, लुटुपुटूच्या सामन्याला 'मार्मेलादा' म्हणतात. तिथे क्विन्सपेक्षा पेरू मुबलक, म्हणून पेरूची 'गोइआबादा' घरोघरी झाली.

आणि गोव्यात. गोव्याच्या उष्ण दमट हवेत क्विन्स होत नाही, त्याला थंडी लागते. पण अमेरिकेतून आलेला पेरू होतो, आणि पेरूतही पेक्टिन भरपूर. गोव्यात पेरूला 'पेर' म्हणतात. त्याची केलेली ती 'पेराद', नाताळच्या ताटात असणारी. आंब्याची केलेली ती 'मांगाद'. इंग्लंडमध्ये शब्दाचं डोकं राहिलं आणि आतलं फळ बदललं. गोव्यात डोक्याच्या जागी तिथे पिकणारं फळ बसलं आणि शेवटचं 'आद' लिस्बनचं राहिलं. मांगाद पेरादीइतकी कधी कडक होत नाही, कारण पिकलेल्या आंब्यात पेक्टिनही कमी आणि आंबटपणाही कमी. ती चमच्याने घ्यायची.

पेराद मात्र कापायची. पिकलेले पण टणक पेरू उकडून, बिया चाळणीत राहतील असा गर काढायचा. गराइतकी साखर, किलोमागे दोन लिंबांचा रस, उतरवताना चमचाभर लोणी. जाड बुडाच्या पातेल्यात ढवळत राहायचं, गोळा कडा सोडून चमच्याभोवती गोळा होईपर्यंत आणि तळातला रस्ता उघडा राहीपर्यंत. मग लोणी लावलेल्या पाटावर ओतून, बोटभर जाडीचं थापून, कोमट असतानाच सुरीने खुणा करायच्या. पूर्ण गार झाल्यावर कापायला गेलं तर सुरीला चिकटून कडा फाटतात. खुणांवरून शंकरपाळ्यासारखे तुकडे सुटले की प्रत्येकाला साखरेत घोळवून, बटर पेपरच्या थरांत, डब्यात भरायचं.